ईमला पहिल्यांदा जाताना : डर्बीशरमधल्या एका लहान गावाची पायवाट

शेफील्डला आमच्याकडे भारतातून कुणी आलं की दोन-तीन दिवसांची विश्रांती झाल्यावर मी त्यांना ईमला घेऊन जातो. लंडन, बाथ, ऑक्सफर्ड त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. इंग्लंडमधलं खेडं म्हणजे काय, हे मात्र कुणाच्या यादीत नसतं. ईम हे तसं खेडं आहे: हजाराच्या आत-बाहेर वस्ती, एक लांबच लांब रस्ता, एक चर्च, एक पब, एक शाळा. १६६५-६६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा रोग बाहेर पसरू नये म्हणून या गावाने स्वतःला कोंडून घेतलं, त्यामुळे त्याचं नाव साडेतीनशे वर्षं टिकून आहे. पाहुण्यांना घेऊन मी इतक्यांदा गेलो आहे की कुठून सुरुवात करावी, कुठे बसावं, कुठे घाई करू नये, हे आता पाठ झालंय. इंग्लंडात नव्याने राहायला आलेल्या किंवा पहिल्यांदाच फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी ते इथे क्रमाने लिहितो.

आधी नाव. इंग्रजी अक्षरं पाहून आपण ‘इयाम’ म्हणतो. बसच्या चालकाला तसं सांगितलंत तर तो दोनदा विचारेल. गावकरी ‘ईम’ म्हणतात.

निघण्याआधी

दिवस विचार करून निवडा. गावातलं संग्रहालय वर्षभर रोज उघडं नसतं, हिवाळ्यात तर बंदच असतं, त्यामुळे उघडण्याचे दिवस आणि वेळा पाहूनच निघा. एप्रिल ते सप्टेंबरमधला आठवड्याच्या मधला एखादा दिवस सगळ्यात बरा. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावात प्लेगची आठवण म्हणून प्रार्थना होते. त्याच सुमारास ‘वेल ड्रेसिंग’ असतं. ही डर्बीशरची खास प्रथा: लाकडी चौकटीत ओली माती थापून त्यावर फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया दाबून चित्रं करतात आणि ती विहिरी-झऱ्यांपाशी उभी करतात. रांगोळी काढणाऱ्या हातांना हे काम बघताना फार आनंद होतो. माझी आई एका चौकटीपुढे पाऊण तास उभी होती. त्या दिवसांत गर्दी मात्र खूप असते, गाडी लावायला जागा मिळत नाही.

बूट चांगल्या पकडीचे घाला, कारण अर्धी वाट शेतातून आहे आणि गवत उन्हाळ्यातही ओलं असतं. जाकीट घ्या. थोडी सुटी नाणी खिशात ठेवा. गावात मोबाइलची रेंज सगळीकडे सारखी नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या.

पोहोचायचं कसं

सगळ्यात सोपं म्हणजे शेफील्डहून बस. ती थेट गावात सोडते आणि वाटेत पीक डिस्ट्रिक्टची माळरानं दिसतात. १९५१ मध्ये स्थापन झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, आणि ईम त्याच्या हद्दीत आहे. ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे ताडोबा येतं, पण इथे उद्यानात गावं आहेत, शेती आहे, मेंढ्या आहेत. फक्त बांधकामावर कडक नियम आहेत, म्हणून घरं अजून दगडाचीच दिसतात. खेड्यातल्या बस कमी असतात, रविवारी तर फारच कमी. जाताना परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते बघून ठेवाच.

रेल्वेने यायचं असेल तर शेफील्ड–मँचेस्टर मार्गावरचं ग्रिंडलफर्ड हे जवळचं स्टेशन. शेफील्ड सोडलं की गाडी टॉटलीच्या साडेपाच किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरते आणि बाहेर पडताच ग्रिंडलफर्ड येतं. पुढे पाचेक किलोमीटर चालायचं आणि चढायचं आहे. चालणाऱ्यांसाठी ही वाट सुंदर आहे, आजी-आजोबा बरोबर असतील तर नको.

स्वतःची गाडी असेल तर हॉकहिल रोडवरच्या वाहनतळावर लावा. गावाचा मुख्य रस्ता अरुंद आहे, तिथे घरांसमोर गाडी लावून गेलात तर गावकऱ्यांची गैरसोय होते.

पहिली पायरी : संग्रहालय

वाहनतळाशेजारी स्वच्छतागृह आहे आणि समोरच संग्रहालय. छपरावरच्या वातकुक्कुटाकडे बघा, तिथे कोंबड्याऐवजी उंदीर आहे. क्लॅरेन्स डॅनिएल नावाच्या स्थानिक इतिहासप्रेमी माणसाने जन्मभर जमवलेल्या वस्तूंतून हे संग्रहालय उभं राहिलं आणि १९९४ मध्ये उघडलं. इथे तासभर द्या. पाहुण्यांना आधी गाव बघायची घाई असते, पण मी त्यांना आधी इथेच आणतो. कारण इथे कुटुंबांची नावं कळतात, आणि मग रस्त्यावरून चालताना प्रत्येक दार कुणाचं तरी घर वाटायला लागतं.

गोष्ट थोडक्यात अशी. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. उन्हाळा सरताना लंडनहून ईममधल्या अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं. कापड दमट होतं, म्हणून त्याच्याकडे काम करणाऱ्या जॉर्ज व्हिकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातलं आणि त्यातल्या पिसवा मोकळ्या झाल्या, असं परंपरेने सांगतात. ७ सप्टेंबर १६६५ ला व्हिकर्स गेला. मग त्याच घरातली मुलं, मग शेजारची घरं. थंडीत साथ ओसरली आणि उन्हाळ्यात पुन्हा उसळली. एकट्या ऑगस्ट १६६६ मध्ये ७८ माणसं दगावली. १ नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा मृत्यू झाला, तोपर्यंत २६० जण गेले होते.

जून १६६६ मध्ये गावाने तीन गोष्टी ठरवल्या. मेलेल्याला घरच्यांनीच आपल्या परसात किंवा शेतात पुरायचं, चर्चच्या आवारात न्यायचं नाही. चर्चला कुलूप लावायचं आणि प्रार्थना उघड्यावर, एकमेकांपासून अंतर ठेवून करायची. आणि तिसरी, जिच्यामुळे हे गाव ओळखलं जातं: गावाच्या वेशीबाहेर कुणी जायचं नाही, आत कुणी यायचं नाही.

हे ठरवलं कुणी? बहुतेक ठिकाणी विल्यम मॉम्पेसन या तरुण रेक्टरचं, म्हणजे गावच्या नेमलेल्या धर्मगुरूचं, नाव ठळक अक्षरात असतं. मला दर वेळी पाहुण्यांना थांबवून थॉमस स्टॅनलीबद्दल सांगावंसं वाटतं. स्टॅनली हा मॉम्पेसनच्या आधीचा गावचा धर्मगुरू, प्युरिटन, म्हणजे चर्चमधलं जुनं कर्मकांड नको म्हणणाऱ्या पंथाचा. १६६२ च्या कायद्याने सक्तीचं केलेलं प्रार्थनापुस्तक त्याने मानलं नाही आणि त्याची जागा गेली. गावाचा जीव मात्र त्याच्यावरच होता. मॉम्पेसन १६६४ मध्ये आलेला, म्हणजे गावाला नवखाच. ज्याला पदावरून दूर केलं तो जुना आणि ज्याला नेमलं तो नवा, दोघे विरुद्ध पंथांचे असूनही एकत्र आले, तेव्हा कुठे गावाने ऐकलं. एकट्या मॉम्पेसनचं ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

दुसरी पायरी : मुख्य रस्ता, सावकाश

संग्रहालयातून उतारावरून खाली या आणि चर्च स्ट्रीटला लागा. हा गावाचा कणा. गाव असं लांबट का, ते पायाखाली आहे. वर उत्तरेला ईम एज नावाचा काळपट वाळूच्या दगडाचा कडा, खाली पांढरट चुनखडी, आणि दोन्ही जिथे भेटतात त्या पट्ट्यात झरे फुटतात. पाण्याच्या रेषेवर घरं बसत गेली. भिंतींकडे नीट बघितलंत तर दोन्ही दगड मिसळलेले दिसतील. रस्त्याकडेला दगडी कुंड्या दिसल्या की थांबा. १५८८ मध्ये झऱ्याचं पाणी गावभर नेऊन अशा कुंड्यांत सोडलं गेलं. सार्वजनिक पाणीपुरवठ्याची ही इंग्लंडमधल्या अगदी जुन्या सोयींपैकी एक. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी बेचाळीस वर्षं, असं सांगितलं की आमच्या पाहुण्यांना तो काळ लगेच हाताशी येतो.

गाव त्याहूनही कितीतरी जुनं आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विजेत्या नॉर्मन राजाने करआकारणीसाठी करून घेतलेल्या देशाच्या मोजणीत, त्याची नोंद आहे. पुढची कित्येक शतकं इथल्या लोकांचं पोट शिशाच्या खाणींवर चाललं. वरच्या माळावर जुन्या खाणींची भोकं अजून आहेत, म्हणून पायवाट सोडून भटकू नका आणि मुलांना हाताशी ठेवा.

वाटेत ईम हॉल लागतो. प्लेगनंतर पाच-दहा वर्षांत, १६७० च्या दशकात राइट कुटुंबाने बांधलेला हा वाडा. त्याच्या अंगणात हस्तकलेची दुकानं आणि खाण्याची सोय आहे. समोरच्या हिरवळीवर लाकडी खोडा आहे. किरकोळ गुन्हेगाराचे पाय त्यात अडकवून त्याला चारचौघांत बसवत. मुलांना तिथे फोटो काढायला आवडतं, काढू द्या.

पुढे चर्चला लागून ‘प्लेग कॉटेज’ची रांग. प्रत्येक घरापुढे हिरवी पाटी आहे, तिच्यावर त्या घरातल्या मेलेल्यांची नावं आणि तारखा. जॉर्ज व्हिकर्स राहत होता ते घर इथेच. त्या घरातल्या मेरी हॅडफील्डचे दोन मुलगे गेले, नवरा गेला, ती एकटी उरली. शेजारच्या रोझ कॉटेजमधल्या थॉर्प कुटुंबातले नऊ जण गेले. पाट्या मोठ्याने वाचू नका. ही राहती घरं आहेत. खिडकीत मांजर बसलेलं असतं, दारात दुधाच्या बाटल्या असतात. काचेला नाक लावून आत डोकावणारे पर्यटक मी पाहिले आहेत आणि मला फार लाज वाटली आहे. कुंपणाबाहेरून वाचा आणि पुढे चला.

तिसरी पायरी : चर्च

सेंट लॉरेन्सचं चर्च दिवसा सहसा उघडं असतं, प्रवेशाला पैसे नाहीत. दाराशी पेटी असते, तिच्यात जमेल तेवढं टाका. अशा गावांत छप्पर गळलं तर दुरुस्ती या पेटीवरच होते.

आवारातला दगडी क्रूस आठव्या-नवव्या शतकातला आहे, म्हणजे आपल्या राष्ट्रकूटांच्या वेळचा. खांबाचा मधला तुकडा हरवलाय, म्हणून तो बुटका वाटतो. त्याच्याजवळ कॅथरीन मॉम्पेसनची कबर आहे. तिने आणि नवऱ्याने आपली दोन्ही मुलं आधीच यॉर्कशरला पाठवली होती. ती स्वतः मागे राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. चर्चच्या भिंतीवर वर बघा, १७७५ सालचं सूर्यघड्याळ आहे, त्यावर जगातल्या दूरदूरच्या ठिकाणांची नावं कोरली आहेत. आत मृतांच्या नावांची यादी, मॉम्पेसनची म्हणून दाखवतात ती खुर्ची आणि १९८५ मध्ये बसवलेली प्लेगची रंगीत काचेची खिडकी आहे. खिडकीपुढच्या बाकावर पाच मिनिटं बसा.

इथे बसलं की मराठी माणसाला आपली साथ आठवतेच. १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात आलेला हाच रोग, गाठीचा. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. आपल्याकडच्या खेड्यांत तेव्हा एक रीत पडली होती: घरात उंदीर पडायला लागले की सगळं गाव उठून रानात झोपड्यांत राहायला जायचं. माझ्या पणजीचा जन्म अशाच झोपडीतला, असं आजी सांगायची. आमच्या लोकांनी गाव सोडून जीव वाचवला. ईमच्या लोकांनी गाव न सोडता बाहेरच्यांचा जीव वाचवला. उंदीर आणि पिसवांचा रोगाशी असलेला संबंध १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने तेव्हाच्या भारतातच, कराचीत, दाखवून दिला, ईममधल्या कुणाला तो ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आज कळतं की घराघरांत कोंडून राहिल्याने गावातले काही मृत्यू वाढलेही असतील. रानात पांगले असते तर कदाचित अधिक जण जगले असते आणि कदाचित साथ शेजारच्या गावांत गेली असती. पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. मी म्हणतो, त्यांच्या हातात जेवढं ज्ञान होतं तेवढ्यावर त्यांनी दुसऱ्यांच्या बाजूने निर्णय घेतला, आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

चौथी पायरी : खाणं-पिणं आणि गावच्या सोयी

चर्चहून पूर्वेला चालत गेलात की गावाचा छोटा चौक येतो. आसपास चहा-केकची जागा, दुकान आणि मायनर्स आर्म्स हा १६३० सालचा पब आहे. पबचं नाव खाणकामगारांवरून आलंय. दारू पीत नसलात तरी इंग्लिश खेड्यातल्या पबात जायला संकोच करू नका, तो गावाचा कट्टा आहे. काउंटरपाशी जाऊन मागवायचं, टेबलावर बसून वाट बघत राहिलात तर कुणी येणार नाही. दुपारच्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात, अडीच-तीननंतर स्वयंपाकघर बंद झालेलं असू शकतं. शाकाहारी काहीतरी मिळतं, पण घरात कडक पथ्य असेल तर पोळी-भाजीचा डबा सोबत घ्या आणि हिरवळीवरच्या बाकावर खा. डबा खाल्ल्याबद्दल कुणी काही म्हणत नाही, कचरा मात्र परत न्यायचा.

अशा गावात राहायला यायचा विचार असेल तर या फेरीत आणखी थोडं बघून घ्या. शाळा प्राथमिकपर्यंतच असते, पुढे मुलांना बसने बाहेर जावं लागतं. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट नावाची जुनी इमारत दिसेल. एकोणिसाव्या शतकात कामगारांना वाचायला पुस्तकं मिळावीत म्हणून अशा संस्था गावोगाव निघाल्या, आज तिथे गावाचे कार्यक्रम होतात. सूचनाफलक वाचा, तो गावाचा खरा आरसा: विणकामाचा गट, हरवलेलं मांजर, पॅरिश कौन्सिलच्या सभेची तारीख. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची धाकटी बहीण, अधिकार थोडे पण गावातली बाकं, मैदान, पाट्या यांची काळजी घेणारी. सभेला कुणीही जाऊन बसू शकतं. नव्या माणसाने ओळखी करून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

पाचवी पायरी : वेशीवरचा दगड

ही पायरी चुकवू नका. बहुतेक लोक चर्च बघून परततात आणि निम्मी गोष्ट मागे ठेवून जातात.

चौकातून लिडगेट नावाच्या रस्त्याने निघा. इथे कधीकाळी गावाचं पूर्वेचं दार होतं. पुढे शेतातून स्टोनी मिडलटन या शेजारच्या गावाकडे जाणारी पायवाट आहे. इंग्लंडात खासगी शेतातूनही लोकांना चालायचा हक्क असलेल्या अशा वाटा असतात, पाटी दिसेल. वाट सोडायची नाही, फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. कुत्रा बरोबर असेल तर त्याला दोरीने धरा, मेंढ्या पोटुशा असतात. काही ठिकाणी भिंतीत फटीएवढी दगडी वाट असते, तिच्यातून आडवं होऊन निघावं लागतं.

वीस-पंचवीस मिनिटांत उतारावर एक मोठा दगड येतो. वरून सपाट, त्यात सहा खळगे. शेजारच्या गावांतले लोक इथे धान्य, औषधं, लागेल ते ठेवून जात. ईमचे लोक मागाहून येऊन ते नेत आणि खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात पैसे ठेवत, म्हणजे नाण्यांबरोबर रोग जाऊ नये. चॅट्सवर्थच्या वाड्यातून डेव्हनशरचा अर्ल या बड्या सरदारानेही धान्य पाठवलं. गाव स्वतःला कोंडून घेऊ शकलं ते वेशीपलीकडून कुणीतरी रोज टोपली भरून आणत होतं म्हणून. जे आणत होते त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. मी या दगडावर हात ठेवतो तेव्हा मला त्यांचीच आठवण येते: भीती वाटत असूनही त्या चढावर ओझं घेऊन आलेली माणसं. खळगे आता बोटांनी गुळगुळीत झाले आहेत. लोक त्यांत अजूनही नाणी ठेवतात.

पाय दमले नसतील तर चर्चच्या दक्षिणेला खालच्या दरीत कक्लेट डेल्फ आहे. चर्चला कुलूप लावल्यावर प्रार्थना इथे व्हायची, खडकातली कमान हेच व्यासपीठ. वाटेवरच्या सूचना पाळा, जमीन खासगी आहे. एमॉट सिडल ही ईमची मुलगी आणि पलीकडच्या गावातला रोलंड टॉर, लग्न ठरलेले दोघे दरीच्या दोन बाजूंना उभे राहून नुसते एकमेकांना बघत, असं सांगतात. एप्रिल १६६६ पासून ती यायची थांबली. रोलंड वाट बघत राहिला. गाव खुलं झालं तेव्हा तो आत आला आणि मग त्याला कळलं.

सहावी पायरी : रायली ग्रेव्हज

गावाच्या पूर्वेला चढावर, अर्ध्या तासाच्या अंतरावर, उघड्या माळावर गोल दगडी भिंत आहे. आत सात जणांचे दगड, एकाच घरातले. ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉकने आपला नवरा आणि सहा मुलं स्वतः खड्डे खणून पुरली. मदतीला यायला कुणी नव्हतं. नंतर ती गाव सोडून शेफील्डला उरलेल्या मुलाकडे गेली, असं सांगतात. जागा आता नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, तिकीट नाही, पहारा नाही. वारा फार असतो, म्हातारी माणसं असतील तर टोपी-मफलर घाला. लहान मुलांना इथे आणायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा. माझी मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा मी आणलं होतं आणि परत येताना ती एक शब्द बोलली नव्हती.

वर एजच्या बाजूला मॉम्पेसनची विहीर नावाचा झरा आहे, तिथेही उत्तरेकडून येणारं धान्य ठेवत. चढ खडा आहे, वेळ उरला तरच जा.

परतीच्या बसआधी दहा मिनिटं थांब्यावर पोहोचा. खेड्यातली बस हात दाखवल्याशिवाय थांबत नाही, म्हणून ती वळणावर दिसताच हात पुढे करा.